मुंबई ते हावडा : १,९६८ किलोमीटर आणि एक तास

माझी थोरली बहीण लग्न होऊन कोलकात्याला गेली, तेव्हापासून हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास तिचा फोन आला की पहिले वाक्य ठरलेले असते : "अगं, इथे दिवेलागण झाली." आमच्या डोंबिवलीच्या खिडकीत त्या वेळी चांगले ऊन असते. नकाशावर हे अंतर सहज मोजता येते, पण ते खरोखर कळावे म्हणून गेल्या डिसेंबरात मी विमान सोडून गीतांजली एक्स्प्रेसने गेले.

विमानाला सुमारे अडीच तास पुरतात. गीतांजली मात्र सकाळी सहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास हावड्याला पोहोचते. ही गाडी १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात, आणि तीस तासांच्या प्रवासात पाठीला त्याचे मोल चांगलेच कळते.

निघताना पूर्ण काळोख होता. सूर्य उगवला तो सातच्या आसपास. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागली आणि सदतिसास एक (सदतीस मीटरला एक मीटर) असा चढ चढून आम्ही इगतपुरीला आलो. पुढे भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर येईपर्यंत अंधार पडला होता, आणि तरीही अर्धे अंतर सरले नव्हते, कारण नागपूर मुंबईपासून ८३७ किलोमीटरवर आहे. संपूर्ण दिवस आपण आपल्याच राज्यात असतो, ही गोष्ट विमानात कधीच जाणवत नाही.

भारतीय प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते, ते ही गाडी मध्यरात्रीनंतर बिलासपूर सोडल्यावर थोड्याच वेळात ओलांडते. तिथे काही खूण नाही. तरी मी मुद्दाम जागी राहिले. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे साडेपंधरा अंशांचे अंतर आहे आणि प्रत्येक अंशाला सूर्याला चार मिनिटे लागतात, म्हणजे हिशेब बासष्ट मिनिटांचा होतो. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी कोलकात्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८पर्यंत आणि मुंबईने १९५५पर्यंत राखली होती; हा हट्ट मला आता समजू शकतो.

राउरकेल्याच्या आसपास जाग आली तेव्हा सव्वासहालाच साल वृक्षांमागून सूर्य वर येत होता. घड्याळ तेच होते, पण कालच्यापेक्षा दिवस पाऊण तास आधी उजाडला होता.

त्याच दिवशी पाच वाजता ताईने देवापाशी निरांजन लावले आणि मी घरी फोन केला. आईने विचारले, "पोहोचलीस का गं? थांब हं, गच्चीवरचे कपडे काढते, अजून ऊन आहे."