तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या बटणावरून मनाचं काय कळतं?

"मॅडम, पोरं तर नुसती बटणं दाबतात. त्यावरून मनाचं काय समजते जी?" मी मानसशास्त्र शिकवते हे कळलं, की कोणाच्या लग्नात असो की गोकुळपेठेत भाजी घेताना, हा प्रश्न ठरलेलाच.

प्रयोगात आम्ही मोजतो तो बटण दाबायला लागलेला वेळ. खरं म्हणजे त्या एकट्या वेळेवरून काहीच समजत नाही. दिवा दिसला की बटण दाबायचं, याला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. त्यात डोळा, मज्जातंतू, बोट सगळेच आले. अर्थ असतो फरकाला. डच शास्त्रज्ञ डोंडर्स यानं १८६८ साली हीच वजाबाकी मांडली. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा, त्याच बाजूचा हात हलवायचा. कोणत्या पायाला बसणार हे आधी ठाऊक नसेल, तर सुमारे १/१५ सेकंद जास्त लागतो. तो वेळ ओळखण्याचा आणि निवडण्याचा. अर्थात, मधे एक काम वाढलं तरी बाकीची कामं जशीच्या तशी राहतात, हे त्यानं धरूनच चाललं होतं.

मला स्वतःला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टर्नबर्गचा १९६६चा प्रयोग जास्त आवडतो. प्रॅक्टिकलला आम्ही तोच घेतो. पडद्यावर ५, ८, २ येऊन जातात. मग एकटा ८. होता की नव्हता? पोरगी श्वास रोखून बसलेली, बोट बटणावर टेकलेलं. लक्षात ठेवायचा एकेक अंक वाढला, की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागतात, असं स्टर्नबर्गला दिसलं. म्हणजे मन अंक एकामागून एक तपासत असावं.

खरी गंमत पुढे आहे. किती अंकांना किती वेळ लागला, याचा आलेख काढायचा. अंक सापडताच शोध थांबत असेल, तर 'होता' या उत्तरांची रेषा 'नव्हता'च्या निम्मीच चढायला हवी. पण दोन्ही सारख्याच चढल्या! सापडल्यावरही मन शेवटपर्यंत बघतच राहतं, असा निष्कर्ष त्यानं काढला. वर्गात इथं हमखास कोणीतरी म्हणतं, "काहून पण? सापडला नं!" स्टर्नबर्गचं म्हणणं, तपासणी इतकी भरभर चालते की दर अंकाला थांबून 'सापडला का' विचारणंच महाग पडेल.

मला हे उत्तर पटायचं. पण टाउनसेंड या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की सगळे अंक एकदमच तपासले आणि ताकद त्यांच्यात वाटली गेली, तरी रेषा अशीच सरळ येऊ शकते. नुसत्या सरासरी वेळेवरून या दोघांचं भांडण सुटत नाही. म्हणून आता वेळा कशा विखुरल्यात आणि घाईत चुका किती झाल्या, हेही तपासतात.