कुर्त्याची उजवी कड

शाळेतल्या मुलांच्या आरोग्य तपासणीची आमची गाडी त्या दिवशी धारूर तालुक्यातल्या, बालाघाटाच्या कुशीतल्या एका जिल्हा परिषद शाळेत होती. जानेवारी महिना. उसाचा हंगाम जोरात, त्यामुळे बरीच बाकं रिकामी. जी मुलं होती त्यातली पुष्कळशी आजीजवळ ठेवलेली. आईबाप मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर गेलेले.

डोळे, दात, कान, नखं, छाती, वजन, उंची. दुपारपर्यंत सातवीपर्यंत आलो. तेवढ्यात वर्गाच्या बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, या पोरीची पाठ जरा बघता का? गणवेश शिवणाऱ्या ताई मला म्हणाल्या, हिचा कुर्ता कितीदा सरळ शिवला तरी मागून उजवीकडं वर चढतोय. मापातच काहीतरी फरक आहे म्हणाल्या."

मुलगी १२ वर्षांची, उंच, काटक, खो-खोच्या संघातली. समोरून बघितलं तर काहीच जाणवेना. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पिन लावून घट्ट घेतलेली. मुख्याध्यापकांची खोली रिकामी करून घेतली, दार लावलं, बाईंना आत थांबवलं आणि तिला पाठमोरं उभं केलं. उजवा खांदा वर, उजवं खवाट, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, बाहेर आलेलं, कमरेची डावी-उजवी घळ वेगवेगळी. मग म्हटलं, "बाळा, पाय जुळव, गुडघे ताठ ठेव आणि दोन्ही हात जोडून पायाकडं वाक."

ती वाकली आणि पाठीच्या उजव्या अंगाला बरगड्यांचा उंचवटा वर आला.

विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जननं १९व्या शतकात दाखवून दिलेली ही तपासणी आहे. अर्ध्या मिनिटाची, बिनखर्चाची. बसायच्या सवयीनं पाठ वाकडी दिसत असेल तर वाकल्यावर ती सरळ होते. खऱ्या स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कण्याला बाजूला बाक येतो तेव्हा, मणके नुसते बाजूला सरकत नाहीत, स्वतःभोवती पिळतात, आणि बरगड्यांना सोबत फिरवतात. म्हणून उंचवटा राहतो. मोबाईलमधल्या उतार मोजणाऱ्या लेव्हलनं मी तो तिरपेपणा मोजला, ९ अंश आला. ७ अंशांच्या पुढं गेला की एक्स-रे काढायलाच हवा.

रात्री दुखून जाग येते का, पायात मुंग्या येतात का, लघवी-शौचाची काही तक्रार आहे का, सगळं विचारलं. काही नव्हतं. कमरेच्या मणक्यावर केसांचा पुंजका किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का ते पाहिलं, तेही नव्हते. म्हणजे मज्जारज्जूत काही बिघाड असण्याची शक्यता कमी. पाळी अजून आलेली नव्हती. हे कळल्यावर मला आनंद आणि धास्ती एकदमच झाली. पाळी यायच्या आधीच्या काही महिन्यांत मुली झपाट्यानं उंच होतात आणि बाक वाढायचा असेल तर याच काळात वाढतो. पण उपचार लागू पडायचा काळही हाच.

तिचं गेल्या वर्षीचं कार्ड काढलं. 'विशेष काही नाही'. खाली सही माझी होती.

मी तेव्हा तिचे दात बघितले होते, डोळे बघितले होते, वजन केलं होतं. पाठ बघितली नव्हती. तेव्हा बाक होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर मीच काय, तिची पाठ दोन-तीन वर्षांत कुणीच बघितली नव्हती. दहा वर्षांची झाली की मुलगी स्वतःची अंघोळ स्वतः करते, कपडे दार लावून बदलते, वर ओढणी येते. ज्या वयात पाठ वाकायला लागते त्याच वयात ती घरच्यांना दिसेनाशी होते. त्यात हिची आई वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या हातात टेप होता, म्हणून त्यांना दिसली.

आजीला बोलावून घेतलं. आजी आली, ऐकलं आणि मटकन खालीच बसली. "माझंच चुकलं मॅडम. लेकराच्या डोक्यावर रोज दोन-दोन हंडे दिले. मला गुडघ्यानं चढ चढवत नाही म्हनून हिलाच पाठवलं." बाईंना वाटत होतं की दप्तराच्या ओझ्यानं झालं असावं. शेजारीण म्हणाली होती, झोपायची पद्धत चुकीची आहे.

मी आजीच्या शेजारी बसले आणि सांगितलं की यातलं एकही कारण नाही. हंड्यानं मान दुखेल, दप्तरानं खांदा दुखेल. कण्याला असा पीळ त्यानं पडत नाही. दर शंभर मुलांत दोघातिघांना वाढीच्या वयात हे होतं. बहुतेकांचा बाक लहानच राहतो. मोठा बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळतो. बहुतेक वेळा कारण सापडत नाही, घराण्यात मात्र चालत येऊ शकतं. आजींनी डोळे पुसले, पण त्यांना पटलं असं मला वाटलं नाही. तेच वाक्य मी त्या महिन्यात त्यांना आणखी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात उभं करून पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी वरचा सगळ्यात तिरपा मणका आणि खालचा सगळ्यात तिरपा मणका धरून रेघा मारल्या. त्या रेघांमधला कोन ३१ अंश. हा कॉब कोन. १० अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. २५ पर्यंत चार-सहा महिन्यांनी एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. २५ ते ४५ च्या दरम्यान असेल आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती पट्ट्यांनी आवळायचं प्लास्टिकचं कवच. ५० च्या वर गेला तर वाढ थांबल्यावरही तो हळूहळू वाढत राहतो, म्हणून तिथं स्क्रू आणि सळ्या घालून कणा सांधायचं ऑपरेशन सुचवतात. कमरेच्या हाडावर वाढीची जी खूण उमटते, ती हिच्या एक्स-रेत अजून उमटलीच नव्हती. वाढ भरपूर बाकी होती.

संध्याकाळी फडातून कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर परतल्यावर मुलीच्या वडिलांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "आपरेशन करावं लागंल का मॅडम? मुकादमाकडून आनखी उचल घेतो." मी त्यांना घाईनं थांबवलं. शाळा तपासणीतून पाठवलेल्या मुलांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतो, आणि सध्या ऑपरेशन नाही, ब्रेस आहे. मग विचारलं की चोळून मणका बसवणारा कुणी गाठला आहे का. गाठला होता, पुढच्या रविवारचं ठरलं होतं. ते मी रद्द करायला लावलं. चोळून हा पीळ सुटत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा कमरेचा पट्टाही इथं उपयोगाचा नाही. ब्रेस मुलीच्या अंगाचं माप घेऊन, कुठं दाबायचं आणि कुठं जागा सोडायची ते ठरवूनच बनवावा लागतो.

आजी फोनजवळ कान लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजी लिंबोणीच्या रोपाला काठी बांधतेत तसं?"

अगदी तसंच. हाडांच्या डॉक्टरांचं जगभरचं चिन्हच वाकडं झाड काठीला बांधलेलं, असं आहे.

ब्रेस कणा सरळ करत नाही, बाक वाढू न देण्याचं काम करतो. हे मी मुलीला स्पष्ट सांगितलं, कारण वर्षभर घालून आरशात फरक दिसला नाही की मुली तो काढून कोपऱ्यात ठेवतात. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घातलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. फरक इतका ठळक होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ब्रेसमध्ये तापमान नोंदणारं छोटं यंत्र होतं, त्यावरून कोण किती तास घालतं ते कळत होतं. दिवसाला सरासरी १३ तासांच्या पुढं घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर होतं.

तिला १८ तास सांगितले होते. तिचा प्रश्न एकच, "खो-खो?" खेळताना काढायचा, आणि खेळायचंच. व्यायामही शिकवले: दबलेल्या बाजूत श्वास भरायचे, कणा उंच ताणायचे. ३१ अंशांना नुसत्या व्यायामावर मी विसंबणार नाही, पण ब्रेसबरोबर ते हवेतच.

फेब्रुवारीत ब्रेस आला. मार्चपासून ऊन तापलं. आमच्याकडचा एप्रिल-मे, पत्र्याचं घर आणि अंगावर प्लास्टिकचं कवच, यात १८ तास म्हणजे काय असतं ते मी तिच्या काखेखालच्या घामोळ्यांवरून बघितलं. आत बिनशिलाईची सुती बनियन, दिवसातून दोनदा बदलायची. कातडी लाल झाली तर चालेल, पण काढल्यावर अर्ध्या तासात लाली जायला हवी. उन्हाच्या तासांत थोडी सूट, तिची भरपाई रात्री. शिवणाऱ्या ताईंनी ब्रेसवरून माप घेऊन तिला दोन सैल कुर्ते शिवून दिले, शिलाई घेतली नाही.

एप्रिलअखेर हंगाम संपला. टोळी परतली त्या दिवशी मी मुद्दाम तिकडं गेले. आईचे हात उसाच्या पाचटानं चिरलेले. तिनं लेकीच्या पाठीवरचे पट्टे एकेक करून सोडले, बनियन वर केली आणि मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांवरून बोट फिरवलं. बोट मध्ये उजवीकडं गेलं, पुन्हा मध्यावर आलं. ती काहीच बोलली नाही. ओल्या फडक्यानं पाठ पुसली, पट्टे परत लावले, मी दाखवलेल्या खुणेवर ओढून घट्ट केले.

मग दाराआडून बघणाऱ्या नऊ वर्षांच्या धाकटीला हाताला धरून पुढं आणलं आणि म्हणाली, "मॅडम, हिची बी बघा."

धाकटीला वाकवलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. कार्डावर तसं लिहिलं, आणि खाली पुढच्या जानेवारीची तारीख टाकली.