त्या तारखेला ग्रामपंचायतच नव्हती

कागद बघून कुणालाही शंका आली नसती. गोल जांभळा शिक्का, सरपंचांची सही, ग्रामसेवकांची सही, ठराव क्रमांक, जावक क्रमांक. डोंबिवलीच्या कडेला २७ गावांचा जो पट्टा आहे, तिथल्या ग्रामपंचायतींच्या अशा बांधकाम परवानग्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

मी बँकेच्या पॅनेलवरची वकील. फ्लॅट एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा. ते घर विकून चिपळूणकडे गावी जाणार होते, आणि घेणाऱ्याने कर्जासाठी अर्ज केला होता. अशा वेळी मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च, म्हणजे शोध, घ्यायचा असतो. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, सातबारा, फेरफार. जुनी पुस्तकं हाताने लिहिलेली. ‘काही पाने फाटलेली आढळली’ हे वाक्य आमच्या बहुतेक रिपोर्टांत असतं, आणि पानं खरोखरच फाटलेली असतात.

इथे पानं शाबूत होती, मालकीची साखळी नीट जुळत होती. रिपोर्ट लिहायला बसले आणि परवानगीची तारीख टाइप करताना हात थांबला. मार्च २००१.

या पट्ट्यात काम करणाऱ्याला चार तारखा तोंडपाठ हव्यात. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याणची महानगरपालिका झाली आणि ही गावं तिच्यात गेली. पट्टी शहराची आणि नळाला पाणी नाही, म्हणून गावकरी वर्षानुवर्षं भांडले, आणि त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. १२ जुलै २००२ ला गावं महापालिकेतून वगळली आणि ग्रामपंचायती परत आल्या. १ जून २०१५ ला गावं पुन्हा महापालिकेत. जून २०२० मध्ये त्यांतली १८ काढून वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. त्या यादीत नांदिवली तर्फ अंबरनाथ बाहेर जाणार होतं आणि नांदिवली पंचानंद आत राहणार होतं. एका नावाची दोन गावं, आणि मधल्या सहा महिन्यांत आमच्याकडे आलेल्या फायलींमध्ये कोणती नांदिवली ते धड लिहिलेलंही नसायचं.

म्हणजे मार्च २००१ मध्ये या इमारतीचं गाव महापालिकेत होतं. ग्रामपंचायत नव्हती. सरपंच नव्हते, ठराव करणारी सभा नव्हती. मग हा शिक्का मारला कुणी?

कशासाठी मारला असेल याचा अंदाज मला आहे. २००६ मध्ये या गावांच्या नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, गेले. त्यानंतरच्या इमारतीला ग्रामपंचायतीचं पत्र दाखवून कुणी फसलं नसतं. म्हणून तारीख मागे ढकलली. ढकलणाऱ्याला २००२ आठवलं नाही. शिवाय तेव्हा गावठाणाबाहेर इमारत बांधायची तर जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेती परवानगी आणि मंजूर नकाशा लागायचा, एकट्या ग्रामपंचायतीच्या पत्रावर भागत नव्हतं. पण हे बघतं कोण? आमच्यातलेच काही वकील जुन्या रिपोर्टातले परिच्छेद उचलतात आणि नाव बदलून सही करतात. या इमारतीतल्या आणखी दोन फ्लॅटांवर याआधी कर्ज मिळालेलं आहे. कुणीतरी तो कागद वाचून ‘शीर्षक निर्वेध’, म्हणजे मालकीत अडचण नाही, असं लिहून दिलंच ना!

फ्लॅट विकणाऱ्या त्या काकांना मी ऑफिसात बोलावलं. ते पिशवीभर पावत्या घेऊन आले. २००८ पासूनची ग्रामपंचायतीची घरपट्टी, नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा, उतारा, २०१५ नंतरची महापालिकेची बिलं. सगळ्या अस्सल, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या.

“मॅडम, एक वर्ष चुकवलं नाही. आधी त्यांना भरली, मग यांना भरली. दोघांनीही घेतली. मग घर बेकायदा कसं?”

कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्याचं उत्तर मी त्यांना दिलं. देताना माझा मलाच राग आला. हद्द आखणारे मंत्रालयात, कागद बनवणारा बिल्डर केव्हाच गायब, आणि उत्तर द्यायचं या माणसाने. ६५ इमारतींच्या बनावट परवानग्यांचं प्रकरण कोर्टात गाजल्यापासून बँका आधीच धास्तावल्या आहेत. व्यवहार तिथेच मोडला.

माझा रिपोर्ट बँकेसाठी, गोपनीय. बाकीच्या बिऱ्हाडांना मी स्वतःहून काही सांगू शकत नाही. काकांना मात्र म्हटलं, सोसायटीच्या सभेत हा विषय काढा, माहिती अधिकारात परवानगीची मूळ नोंद मागा. ते बराच वेळ गप्प होते.

“सभा रविवारीच आहे,” शेवटी म्हणाले. “गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी घरटी वीस हजार काढायचं ठरतंय.”

पावत्यांचा दोरा त्यांनी पुन्हा गाठ मारून बांधला आणि पिशवीत ठेवला. रविवार होऊन गेला. मी अजून त्यांना फोन केलेला नाही.