झेंडू, हिरडा आणि जुनं लुगडं: दिवाळीनंतरच्या कामाची नोंद

तुळशीचं लग्न लागलं, आकाशकंदील उतरले आणि आमच्या गच्चीवरचा खरा हंगाम सुरू झाला. दिवाळीतून जे जे उरेल ते शक्यतो एकाच कामात लावायचं, असं यंदा ठरवलं होतं. ते काम म्हणजे कापड रंगवणं. सुकलेली फुलं, हारांचे दोरे, मेणबत्त्यांची थोटकं आणि कपाटात पडून राहिलेलं सुती कापड, एवढंच भांडवल. जरा तपशिलात लिहिते, कारण झेंडूच्या रंगाबद्दल अर्धवट माहिती फार फिरते आणि तिच्यापायी लोकांचं चांगलं कापड वाया जातं.

फुलं घरच्या तोरणांची होतीच, शेजारच्या काकूंनीही दारावरचे हार सोडवून आणून दिले. उरलेली नागपुरातल्या बर्डीच्या फुलबाजारातून आणली. पाडव्याच्या रात्री तिथे कोमेजलेल्या झेंडूचे ढीग पडलेले असतात. पिशवी पुढे केली तर फुलवाल्या दादांनी स्वतःच भरून दिली. म्हणाले, "न्या नं ताई, उद्या तं हे फेकाचंच हाय."

फुलं घरी आली की त्याच दिवशी हातावेगळी करायची. दोरा काढायचा, शेवंती आणि आंब्याची पानं बाजूला करायची (ती कंपोस्टात), कुजायला लागलेली फुलं टाकून द्यायची आणि पाकळ्या हिरव्या देठापासून ओढून घ्यायच्या. देठ राहिला की पिवळ्यात मळकट झाक येते. पाकळ्या सावलीत, पंख्याखाली, जुन्या चादरीवर वाळवायच्या. कडक उन्हात त्या लवकर वाळतात, पण रंग उडतो. एक किलो ओल्या फुलांची वाळून जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम भरते, त्यामुळे पिशवी मोठीच न्या.

आता कापड. माझ्याकडे आजीची जुनी नागपुरी सुती लुगडी आहेत, काठ विरलेले, पण अंग अजून भक्कम. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड रंग एकसारखा पितं, कारण त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते. कापड खरोखर सुती आहे का, हे आधी बघा. काठाचा एक धागा काढून जाळायचा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत भुरभुरली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, त्यावर झेंडू नीट चढत नाही. असं कापड पायपुसणीला ठेवा.

मुख्य गोष्ट पुढे आहे. नुसत्या फुलांच्या पाण्यात कापड उकळून जे पिवळं दिसतं तो डाग असतो, दोन-चार धुण्यांत जातो. रेशीम आणि लोकर यांना रंग पटकन धरतो, सुताला आधी तयार करावं लागतं. म्हणून पहिला हिरडा, मग तुरटी, मग फुलं. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, सुताला चिकटतं, टॅनिनला तुरटीतलं ॲल्युमिनियम धरतं आणि त्याला झेंडूचा रंग. हा क्रम बदलायचा नाही.

माझं प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनावर असतं. अर्धा किलो कापडाला शंभर ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात, कापड रात्रभर त्यात. सकाळी पिळून, न धुता वाळवायचं. कापडाला लोण्यासारखा फिकट पिवळा रंग येतो, तो हिरड्याचा. दुसऱ्या दिवशी पाऊणशे ते शंभर ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून कापड पुन्हा रात्रभर. यावेळी मात्र वाळल्यावर साध्या पाण्यातून काढायचं. हिरडा आणि तुरटी दोन्ही इतवारीच्या बाजारात सुटे मिळतात.

पाकळ्या कापडाच्याच वजनाइतक्या घेते. स्टीलच्या भांड्यात तासभर मंद आचेवर, खळखळ उकळी न येऊ देता. मग गाळून त्या पाण्यात कापड सोडायचं, पुन्हा तासभर मंद आच आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचं. भांडं लोखंडी नको, रंग काळवंडतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तेच होतं, म्हणून मी नळाचं पाणी वापरते. हे भांडं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नये.

पहिलं लुगडं निघालं ते गडद हळदीच्या रंगाचं, किंचित सोनेरीकडे झुकलेलं. काठाचा जुना तांबडा रंग त्याच्याशेजारी असा उठून दिसतो की काठ कापायचा विचारच सोडून दिला.

हारांचे दोरे धुऊन ठेवले होते, ते बांधणीला कामी आले. तुरटीचं काम झाल्यावर कापडात मसुराचे दाणे ठेवून दोऱ्याने करकचून बांधले, मग रंगात. जिथे दोरा होता तिथे हिरड्याचं फिकट कडं उरलं.

यंदाचा नवा प्रयोग लोखंडाच्या पाण्याचा. मातीच्या मडक्यात गंजके खिळे, फुटक्या तव्याचा तुकडा, गूळ आणि पाणी, वर फडकं बांधून. दोन-तीन आठवड्यांत फेस बसतो, पाणी गढूळ आणि आंबूस होतं. नुसता हिरडा दिलेल्या कापडावर त्याचा एक थेंब टाकून बघा. आधी ओला डाग दिसतो, मग मधून करडा रंग फुटतो, काठ जांभळट होत जातात आणि नजरेसमोर तो काळा पडतो. टॅनिन आणि लोह भेटले की हेच घडतं, जुनी शाई अशीच बनायची. झेंडूने रंगवलेलं कापड याच पाण्यात, भरपूर पाणी मिसळून, क्षणभर बुडवलं तर शेवाळी हिरवा रंग येतो. क्षणभरच. लोह जास्त झालं तर सुती धागा कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून नंतर खळखळून धुवायचं.

फुलझडीच्या तारा मडक्यात टाकू का, असं एका मैत्रिणीने विचारलं. नको. फुलझडीच्या मसाल्यात बेरियमचे विषारी क्षार वापरले जात आले आहेत, त्यांचा अंश तारेवर राहतो. तारा भंगारवाल्याला द्या.

मेणबत्त्यांची थोटकं दुहेरी भांड्यात (गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून) वितळवून गाळली. मेण गरम रंगात वितळून जातं, त्यामुळे झेंडूबरोबर त्याचा उपयोग नाही. लोखंडाचं पाणी मात्र थंडच वापरतात. म्हणून हिरडा दिलेल्या कापडावर ब्रशने मेणाची नक्षी काढली आणि कापड थंड लोहपाण्यात बुडवलं. करड्या जमिनीवर फिकट पिवळी वेल आली. मेण जिथे तडकलं तिथे बारीक काळ्या रेषा गेल्यात, मला त्या वेलीपेक्षा जास्त आवडल्या. जुन्या कागदांत ठेवून इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरतं.

बाकीचं थोडक्यात. तेलकट पणत्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकून स्वच्छ केल्या. धड होत्या त्या पुढच्या वर्षीसाठी, फुटक्यांच्या खापऱ्या कुंड्यांच्या भोकांवर. मिठाईचे चकचकीत खोके कंपोस्टात जिरत नाहीत, त्यांत बिया आणि बटणं ठेवलीत.

आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येणारी, संत्री आल्यापासून साली साठवतेय. त्या आंबवून साफसफाईचं पाणी करते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत, तीन महिने. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत आंबणं मंदावतं, त्यामुळे बाटल्या स्वयंपाकघरातच ठेवल्यात. तयार झालेलं पाणी ओटा-फरशीला उत्तम, पण ते आम्लधर्मी असतं, संगमरवरावर अजिबात नको.

आता रंगवलेल्या तुकड्यांची गोधडी शिवायला घेतेय. झेंडूचा रंग सततच्या उन्हात फिका पडतो, म्हणून पडदे करणार नाही. हळदी तुकडे मध्ये, शेवाळी कडेला आणि वेलीचा तुकडा उशाच्या बाजूला बसवायचा बेत आहे. अस्तराला आजीचं दुसरं लुगडं, ते न रंगवता तसंच.