पाहणाऱ्यांचं बेट

माल्टाला आपण बघायला म्हणून जातो आणि दोन दिवसांत ध्यानात येतं की हे बेटच मुळात पाहणाऱ्यांचं आहे. सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर. शेजारची गोझो, कोमिनो धरून क्षेत्रफळ जेमतेम 316 चौरस किलोमीटर, नदी एकही नाही. फिनिशियन आले, रोमन, अरब, नॉर्मन आले, सेंट जॉनचे नाइट्स म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे आले, 1798 साली नेपोलियन आला आणि त्याच्या पाठोपाठ इंग्रज. सगळे समुद्रातूनच. तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसण्याची चैन इथल्या माणसाला कधी परवडलीच नसणार.

मार्साश्लॉक या कोळ्यांच्या गावात तर होड्याही बघतात. लुत्सू म्हणतात त्या होडीला. निळा, पिवळा, लाल, हिरवा असे झगझगीत पट्टे, आणि नाळेवर दोन्ही बाजूंना एकेक डोळा. नुसता रंगवलेला नाही, बऱ्याच होड्यांवर तो लाकडात कोरलेला असतो, वर चक्क कमानदार भुवई. वाईट नजरेपासून आणि वादळापासून राखण. ही रीत फिनिशियनांपासूनची, असं तिथे सगळेच सांगतात. होडीला डिझेल इंजिन आलं तरी डोळा गेला नाही. धक्क्यावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी पाय पसरून बसलं, की समोर पाण्यावर डुलणारे ते डोळे आपल्याला खालीवर न्याहाळत राहतात. रविवारी इथे मोठा बाजार भरतो. मासळी बघावी आणि निघावं, बाकी सगळा पर्यटकांसाठी मांडलेला माल.

सेंग्लेआ या बंदरावरच्या गावाच्या टोकाला तटावर दगडी टेहळणीचा सज्जा आहे. त्याच्या अंगावर एक मोठा डोळा कोरलाय आणि एक कान. खालून बंदरात शिरणाऱ्या प्रत्येकाला कळावं, तुम्ही दिसताय आणि ऐकूही येताय! आजच्या ‘आपण सीसीटीव्हीच्या नजरेत आहात’ या पाटीपेक्षा मला हे जास्त सभ्य वाटलं. किनाऱ्याने सतराव्या शतकातले बुरूज उभे आहेत, एकावरून पुढचा दिसेल अशा बेताने. गलबत दिसलं की दिवसा धूर, रात्री जाळ. यात हौस नव्हती. 1565 च्या मे महिन्यात तुर्कांचं आरमार असंच क्षितिजावर दिसलं आणि पुढचे जवळजवळ चार महिने बेट वेढ्यात होतं. वेढा उठला तो 8 सप्टेंबर आजही सुट्टीचा दिवस आहे. पुढच्याच वर्षी नाइट्सचा प्रमुख ला वालेत याने नव्या तटबंद शहराची पायाभरणी केली, तेच आजची राजधानी व्हॅलेटा. दुसऱ्या महायुद्धात आभाळाकडे बघायची पाळी आली. त्या बॉम्बवर्षावातल्या धैर्यासाठी 1942 साली सबंध बेटालाच जॉर्ज क्रॉस हे इंग्रजांचं शौर्यपदक मिळालं. ते आजही त्यांच्या झेंड्याच्या कोपऱ्यात आहे.

पण मला खरी भुरळ घातली ती व्हॅलेटातल्या गल्लारियांनी, म्हणजे तिथल्या बंद बाल्कन्यांनी. मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या भिंतींतून बाहेर आलेल्या, लाकडी, काचेच्या तावदानांनी बंद केलेल्या. बहुतेक हिरव्या, काही तांबड्या, काही निळ्या. गिरगावातल्या चाळीची गॅलरी उघडी, तिथे बघणाराही सगळ्यांना दिसतो. इथे बघणारा आत, सावलीत. एका चढाच्या गल्लीत आम्ही नकाशा उलटासुलटा करत उभे होतो. वरची फळी सरकली, पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं आणि कुठे जायचंय हे विचारायच्या आधीच आजीबाईंनी हाताने ‘उजवीकडे’ दाखवलं. आम्ही सेंट जॉनच्या कॅथीड्रलला निघालो होतो हे त्यांनी कशावरून ओळखलं कोण जाणे. दुसरं कुठे जाणार म्हणा, इटालियन चित्रकार काराव्हाजिओचं 1608 मधलं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं ते प्रचंड चित्र बघायला सगळेच तिथे जातात. चित्रात संत जॉनच्या मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपली सही केलीय आणि मागच्या तुरुंगाच्या खिडकीतून दोन कैदी माना वेळावून बघताहेत. इथेही!

1878 साली रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी हजारो हिंदी सैनिक मुंबईहून आणून या बेटावर उतरवले होते. लढाई झालीच नाही. ते फेटेवाले व्हॅलेटात हिंडत असतील तेव्हा या गल्लारियांच्या फळ्या किती सरकल्या असतील!

सगळ्या बेटावर डोळे मिटून असलेली एकच बाई मला भेटली. हाल साफ्लिएनीच्या भुयारी दफनस्थळात सापडलेली, हाताच्या पंजात मावेल एवढी मातीची मूर्ती, कुशीवर निजलेली. पाच हजार वर्षांची झोप. ती आता व्हॅलेटाच्या वस्तुसंग्रहालयात काचेआड असते आणि लोक तिच्याभोवती श्वास रोखून उभे राहतात.

खाडीपल्याड स्लीमाला मात्र जाऊन मन खट्टू झालं. जुनी घरं पाडून किनाऱ्याने उंच इमारती, वर क्रेन. प्रत्येक फ्लॅटला समुद्राकडे तोंड केलेली, काचेच्या कठड्याची बाल्कनी आहे, भाडंही त्या बाल्कनीचंच घेत असावेत. बाकावर बसून गरम पास्तित्सी संपवेपर्यंत मी वर बघत होते. आत रिकोटा चीज भरलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या त्या करंज्या खायला बराच वेळ लागतो, निम्म्या अंगावर सांडतात. तेवढ्या वेळात एकाही बाल्कनीत कुणी आलं नाही. टॉवेल वाळत होते आणि एसीची यंत्रं घरघरत होती.