मुळी टेक्सासची, शेंडा तासगावचा

आठवीच्या वर्गात फळ्याच्या मधोमध रेघ ओढायची, डावीकडं 'स्वदेशी' आणि उजवीकडं 'विदेशी' लिहायचं, ही माझी चौदा वर्षांची सवय. १९०५ ची वंगभंगाची हकिकत, लाल-बाल-पाल, परदेशी कापडाच्या होळ्या हे सगळं सांगून झालं की मुलांनी घरातली एकेक वस्तू आणायची आणि तिचं नाव योग्य खान्यात लिहायचं. मुलांना फळ्यापर्यंत यायला मिळतं, माझ्या घशाला तेवढाच आराम. तासगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत गेल्या मार्चमध्ये, उजळणीच्या तासाला, ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत निकामी झाली.

पहिला आला कंदील. ओगलेवाडीचा 'प्रभाकर', काच तडकलेली, गंज चढलेला. कराडजवळ बनलेला, म्हणजे स्वदेशी चळवळीचं चालतं-बोलतं उदाहरण. मी खुशीत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पण ह्यात रॉकेल कुठलं घालायचे?" खरं होतं. त्या काळात रॉकेल यायचं अमेरिका, रशिया, ब्रह्मदेशातून. शब्दसुद्धा 'रॉक ऑइल'चा झिजून झालेला. मी कंदील डावीकडं लिहिला, रॉकेल उजवीकडं, आणि पुढं सरकले.

मग आली पेटी. एकानं आजोबांच्या भजनी मंडळाची पेटी धोतरात गुंडाळून सायकलच्या कॅरेजवरून आणली होती. वर्ग एकमुखानं म्हणाला, स्वदेशी! पेटीशिवाय भजन कसलं? ही पेटी १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ नावाच्या कारागिरानं घडवली, हे सांगताना मलाच जिवावर आलं. तिकडं ती खुर्चीवर बसून पायानं भाता मारत वाजवायची. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताचा भाता झाला तो इकडं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा आपल्याकडं पेटीचा मागमूस नव्हता. पुढं मात्र तिच्याविना नाटकाचं पद उभं राहीना. आणि गंमत म्हणजे हीच पेटी परकी म्हणून, शिवाय तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून, आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवली होती. आमच्या गावातल्या एकादशीच्या भजनाला दिल्लीचा तो हुकूम कळलासुद्धा नसावा.

"मग रेघेवरच लिहूया की," पेटीवाला म्हणाला. सगळे हसले, मीही.

शेवटी एक मुलगी उठली. एरवी गप्प असते. दप्तरातून तिनं बेदाण्याची पिशवी काढली. मी मनात म्हटलं, सुटले. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, याच्याइतकं आपलं काय असणार? खडू तिच्या हातात दिला. ती काही लिहिना.

"आजोबा म्हणतात, त्याची मुळी अमेरिकेची आहे."

"म्हणजे?"

"मुळीच, मॅडम. खरीखुरी मुळी."

इतिहासाच्या तासाला आपण 'पाळंमुळं' हा शब्द नुसता वाक्यात टाकतो. ही पोर सरळ मातीखालचं बोलत होती. शाळा सुटल्यावर मी तिच्यासोबत तिच्या आजोबांच्या बेदाण्याच्या शेडवर गेले.

हंगाम ऐन भरात होता. लांबलचक शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर हिरवी द्राक्षं पसरलेली, एका कडेला बायका घड द्रावणात बुडवून वर देत होत्या. गंधकाच्या धुरीचा वास नाकात गेला आणि मला ठसकाच लागला. आजोबांनी आधी पाणी दिलं, मग एक रिकामं क्रेट उलटं करून पुढं सरकवलं. "बसा की, बाई. हिनं काय दिवं लावलं वर्गात?"

मी सांगितलं. ते उठले आणि मला बागेच्या कडेला घेऊन गेले. वेलाच्या बुंध्याशी बोटानं दाखवलं: कलमाचा सांधा, वर एका जातीचं खोड, खाली दुसऱ्या. "हितनं खाली डॉगरीज. टेक्सासचं जंगली. आमच्या पाण्यात क्षार, त्यात उन्हाळ्यात पाणी न्हाई. आपली द्राक्षं स्वतःच्या मुळीवर टिकंनात, म्हनून ह्या खुंटावर बांधली."

मला आठवलं ते फ्रान्सचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं तिथले मळे उद्ध्वस्त केले. कीड अमेरिकेतून गेलेली, आणि उताराही अमेरिकेतूनच आणला: रानटी अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलींचं कलम. तीच युक्ती आमच्या तालुक्यात, फक्त दुखणं वेगळं.

"आणि वरचं?" मी विचारलं.

"वरचं गनेश. तास-ए-गणेश. नावातच तासगाव हाय की!" हे सांगताना आजोबा ताठ झाले. बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी थॉमसनच्या बागेतून ही जात निवडून काढली. आणि थॉमसन? इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या विल्यम थॉमसननं १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात लावलेली बिनबियांची वेल. ती मुळात सुलताना, इराण-तुर्कस्तानाकडची. वर 'बेदाणा' हा शब्दही फारसी: बे-दाना, म्हणजे दाणाच नसलेला. मी बोलत होते, आजोबा मान हलवत होते. शब्दाचं त्यांना नवल वाटलं. बाकीचं बहुतेक ठाऊक होतं.

शेडच्या कोपऱ्यात डिपिंग ऑइलचे कॅन होते. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर तेल. त्यानं सालीवरचा मेणाचा थर विरतो, पाणी लवकर उडतं, आणि पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ही रीत ऑस्ट्रेलियाची.

एवढ्यानं मी भारावले होते, ते आजोबांच्या ध्यानात आलं असावं. कारण त्यांनी पुढचं जरा कोरडेपणानं सांगितलं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं भारताची द्राक्षं नाकारली, तेव्हा त्यांचाही माल अडकला होता. त्या वर्षी थोरल्या मुलीचं लग्न पुढं ढकललं. "बाहेरचं नातं म्हंजे नुसतं येनंजानं न्हवं, बाई. तिकडं कुनीतरी कागदावर आकडा बदलतंय आनि हितं आमची झोप उडतीया." आता चीनचा बेदाणा चोरवाटेनं येतो आणि भाव पडतात, यावरून तालुक्यात आंदोलनं झालीत. "त्यो कुठल्या खान्यात घालनार तुमी?"

मला उत्तर सुचलं नाही. आजोबांनी पिशवीभर बेदाणा दिला, पैसे घेतले नाहीत.

सत्र परीक्षेचा पेपर तोवर छापून झाला होता. त्यात माझाच प्रश्न: स्वदेशी व विदेशी वस्तूंची यादी करा, गुण २. त्या मुलीनं मधली रेघ आडवी ओढली. वर लिहिलं, 'शेंडा: तासगाव'. खाली लिहिलं, 'मुळी: टेक्सास'. मी दीड गुण दिला. अर्धा का कापला, असं विचारायला ती स्टाफरूममध्ये आली.

"डिपिंग ऑइल राहिलं," मी म्हटलं.