अंगणातील शेकोटी : पूर्वेकडील फरशी उचलली

पाऊस थांबला आणि पूर्वेकडील दोन रांगांतील शहाबादी फरशी वर आली. शेकोटीभोवतीच्या कड्यालगतची एक फरशी तर पाय ठेवताच डुगडुगते. बाकीचे अंगण जागचे हललेले नाही. थापीच्या मुठीने ठोकले असता तिकडे भरीव आवाज येतो, या रांगांत मात्र पोकळ.

फरशी उखडल्यावर कारण समोर आले. सोलापूरकडील काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणूनच खाली सहा इंच मुरूम दिला होता. 12 बाय 15 फुटांच्या जागेला त्या जाडीसाठी 90 घनफूट लागतात. धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट केल्यावर थर दबतो, हे धरून सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मागवला. पहिला ब्रास उत्तम होता. वरचा पाव ब्रास मातकट आला आणि नेमका तोच पूर्वेला पडला. काचेच्या बाटलीत त्याची मूठभर माती पाण्यात ढवळून ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखे गढूळ होते. चांगल्या मुरमाचे खडे नि वाळू तळाशी बसायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात माल असाच येतो, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. यापुढे बाटली पाहिल्याशिवाय ट्रॉली रिकामी करू देणार नाही.

आणखी खोल खणून नवा मुरूम भरावा, असा बेत होता. मात्र तेवढ्या पट्ट्यासाठी पुन्हा ट्रॉलीचे भाडे देणे जिवावर येते. त्यापेक्षा मातकट थर काढून खालच्या काळ्या मातीत विझवलेला चुना मिसळणे स्वस्त पडेल. कोरड्या मातीच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना मिसळल्यास तिचा चिकटपणा आणि फुगणे बरेच कमी होते. रस्त्यांच्या कामातही हा उपाय करतात. वरची तूट चाळलेल्या कचीने, म्हणजे बारीक खडीने, भरून निघेल.

कड्याने मात्र जीव सुखावला. आतील अस्तर भंगारात मिळालेल्या भट्टीच्या जुन्या विटांचे असून त्या सिमेंटशिवाय रचल्या आहेत, कारण चारशे अंशांच्या पुढे सिमेंटचा जोड ढिला पडू लागतो. तळाशी हवेसाठी ठेवलेल्या फटींमुळे तुराट्यांनी पहिल्याच काडीत पेट घेतला आणि धूर जवळजवळ झालाच नाही. नव्या अग्निरोधक विटांवर पैसे घालण्याची आपल्याला गरज नाही, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

हे लिहीत असतानाच वाटू लागले आहे की, उखडलेली फरशी कड्यालगत परत बसवूच नये. शहाबादी हा चुनखडीचा दगड. ओल धरलेला असताना जवळची धग लागली, तर त्याचे पापुद्रे सुटतात. त्याऐवजी कड्याभोवती नऊ इंचांचा पट्टा काळ्या खडीने भरला, तर पाणीही तिथेच मुरेल आणि वाचलेल्या फरश्या नळाजवळच्या चिखलात कामी येतील. चुना मुरेपर्यंत तो पट्टा आखून घेतो.